नगरसेवकाविना ४६ महिने : एका प्रभागाचं प्रकरण

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचं एक चेंबर आहे. पावसाळ्यात ते भरून वाहतं आणि शाळेला निघालेली पोरं बूट हातात घेऊन भिंतीकडेनं जातात. हे प्रकरण त्या चेंबरपासून सांगायला घेते. लोकशाही, मतदानाचा हक्क हे शब्द मला तिथं उभं राहिल्यावरच नीट समजले.

२१ फेब्रुवारी २०१७ रोजी राज्यातल्या १० महापालिकांसाठी मतदान झालं. मुंबई, ठाणे, उल्हासनगर, पुणे, पिंपरी-चिंचवड, सोलापूर, नाशिक, अकोला, अमरावती आणि नागपूर. यांतल्या एका शहरात मी राहते. ते कोणतं हे लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी हकिगत फारशी बदलणार नाही. त्या दिवशी मी मत दिलं. महापालिकेसाठी पुढचं मत दिलं ते थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. मधे जवळजवळ नऊ वर्षं गेली. त्यांतली पाच वर्षं निवडून आलेल्या सभागृहाची, आणि मार्च २०२२ पासूनचे सुमारे ४६ महिने प्रशासकाचे, म्हणजे सभागृहाच्या जागी सरकारनं बसवलेल्या अधिकाऱ्याचे.

राज्यघटनेचा अनुच्छेद २४३-यू महापालिकेची मुदत पाच वर्षं ठरवतो, त्यापुढे नाही. ती संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असं त्यातच लिहिलं आहे. सभागृह मधेच बरखास्त झालं तर सहा महिन्यांच्या आत. ही तरतूद ७४व्या घटनादुरुस्तीनं आली, १ जून १९९३ पासून लागू झाली. ती आणावी लागली, कारण त्याआधी नगरपालिका बरखास्त करून वर्षानुवर्षं प्रशासक बसवून ठेवणं ही नेहमीची गोष्ट होती. दुखणं काय ते माहीत होतं, औषधही घटनेतच लिहून ठेवलं होतं. तरी २०२२ पासून तेच दुखणं राज्यभर परतलं.

आमचं तर कमीच. औरंगाबादकरांनी एप्रिल २०१५ मध्ये मत दिलं, त्यांच्या सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. करोनामुळे निवडणूक पुढे गेली, आणि पुन्हा मतदानाचा दिवस उगवला तेव्हा शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालेलं होतं. नवी मुंबई, वसई-विरार, कोल्हापूर, कल्याण-डोंबिवली याही २०२० पासूनच्या. इचलकरंजी २०२२ मध्ये महापालिका झाली आणि तिथल्या लोकांनी २०२६ पर्यंत आपला एकही महापालिका सदस्य निवडला नव्हता.

हे कसं झालं

लोक विचारतात, निवडणूक नेमकी कुणी अडवली? मी वर्तमानपत्रांची कात्रणं ठेवते, तारखा वहीत उतरवते. उत्तर एका नावाचं नाही, आणि मला सर्वांत जास्त घोर त्याचाच आहे.

४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विकास गवळी प्रकरणात निकाल दिला. स्थानिक स्वराज्य संस्थांतलं ओबीसी आरक्षण सरसकट २७ टक्के देता येणार नाही. त्याआधी समर्पित, म्हणजे फक्त याच कामासाठीचा, आयोग नेमा, त्याच्याकडून मागासलेपणाची सखोल, आकडेवारीवर आधारलेली पाहणी करून घ्या, प्रत्येक संस्थेनुसार प्रमाण ठरवा, आणि सगळं आरक्षण मिळून ५० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. हीच ती ‘तिहेरी चाचणी’. ती नवी नव्हती, २०१० च्या कृष्णमूर्ती निकालातच घटनापीठानं सांगून ठेवली होती. म्हणजे अकरा वर्षं हाताशी होती. त्या काळात राज्यात वेगवेगळ्या पक्षांची सरकारं आली, पण चाचणी पूर्ण झाली नाही.

निकालानंतर सप्टेंबर २०२१ मध्ये ओबीसी आरक्षण टिकवण्यासाठी सरकारनं अध्यादेश काढला. डिसेंबरमध्ये न्यायालयानं त्याला स्थगिती दिली आणि ओबीसींसाठी राखलेल्या जागा सर्वसाधारण करून निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. त्याप्रमाणे शंभराहून अधिक नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्याही. त्याच महिन्यात विधिमंडळानं एकमतानं ठराव केला की ओबीसी आरक्षणाशिवाय निवडणुका नकोत.

इथं मला थांबून एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे, कारण गेल्या चार वर्षांत मी ती चुकीच्या सुरात फार ऐकली. ‘आरक्षणामुळे निवडणुका लटकल्या’ असं म्हणून लोक मोकळे होतात. ओबीसींच्या जागा हा कुणाचा हट्ट नव्हता. आमच्या प्रभागात परीट, न्हावी, माळी, तेली, कुंभार अशी जुनी घरं आहेत. त्यांच्यातला माणूस सभागृहात पोहोचू लागला तो या आरक्षणामुळेच. एका समाजाचा प्रतिनिधित्वाचा हक्क आणि सगळ्या मतदारांचा वेळेवर निवडणुकीचा हक्क एकमेकांसमोर उभे ठाकले, ते सरकारचा गृहपाठ वेळेवर न झाल्यामुळे. दोन्ही हक्क खरे होते आणि दोन्ही एकदमच अडकून पडले.

मार्च २०२२ मध्ये दोन गोष्टी घडल्या. मागासवर्ग आयोगाचा अंतरिम अहवाल न्यायालयानं नाकारला. आणि विधिमंडळानं कायदा करून प्रभाग रचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतला. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा दूरगामी ठरली. प्रभागाची रेघ कुठून ओढायची हे ज्यांना स्वतः निवडणूक लढवायची आहे त्यांनीच ठरवायचं! महाविकास आघाडीच्या सरकारनं हा कायदा केला, विरोधकांनीही त्याला साथ दिली, आणि पुढच्या सरकारनं तो अधिकार परत दिला नाही.

४ मे २०२२ रोजी न्यायालयानं सांगितलं, दोन आठवड्यांत निवडणूक कार्यक्रम सुरू करा. जुलैमध्ये याच पाहणीसाठी नेमलेल्या जयंतकुमार बांठिया आयोगाचा अहवाल आला आणि २० जुलैला न्यायालयानं त्यानुसार ओबीसी आरक्षणासह निवडणुका घ्यायला वाट मोकळी करून दिली. त्या संध्याकाळी मला वाटलं, झालं, आता दिवाळीच्या आत नगरसेवक. पण जूनच्या शेवटी सरकार बदललं होतं. नव्या सरकारनं ऑगस्टमध्ये सदस्यसंख्या आणि प्रभाग रचना पुन्हा २०१७ सारखी केली. मुंबईच्या आधी वाढवून २३६ केलेल्या जागा परत २२७ झाल्या. त्याविरुद्ध याचिका दाखल झाल्या आणि २२ ऑगस्ट २०२२ रोजी न्यायालयानं ‘जैसे थे’चा आदेश दिला.

तो आदेश पाच आठवड्यांसाठी होता. निवडणुका घ्या असा पुढचा ठोस आदेश यायला ६ मे २०२५ उजाडला.

त्या दिवशी न्यायालय म्हणालं : चार आठवड्यांत अधिसूचना काढा, चार महिन्यांत निवडणुका संपवा, आणि ओबीसी आरक्षण बांठिया अहवालापूर्वी जसं होतं तसं ठेवा, याचिकांच्या अंतिम निकालाच्या अधीन राहून. वाचताना मी तीनदा मागे गेले. ज्या आरक्षणाच्या घोळात एवढी वर्षं गेली ते शेवटी तात्पुरतं म्हणून पूर्वीसारखंच ठेवून पुढे जायचं ठरलं. हा तोडगा २०२२ मध्ये कुणाला सुचला नसेल का? सप्टेंबरमध्ये राज्य निवडणूक आयोगानं आणखी वेळ मागितला. मतदान यंत्रं कमी आहेत, शाळा आणि कर्मचारी परीक्षांत गुंतलेले आहेत अशी कारणं होती. न्यायालयानं ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत दिली.

एका हरकतीची गोष्ट

१ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रारूप प्रभाग रचना जाहीर झाली. त्रिसदस्यीय, म्हणजे एका प्रभागातून तीन नगरसेवक. आमची गल्ली मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या वस्तीला जोडलेली होती. आमच्या इमारतीतले काका, निवृत्त तलाठी, नकाशा वाचण्यात तरबेज. त्यांनी लाल पेन्सिलनं रेघ मारून दाखवली : नैसर्गिक हद्द म्हणजे नाला, आणि नाला तर इथं आहे. आम्ही दोघांनी बसून हरकत लिहिली, सुनावणीला गेलो, पोच घेतली. आमची अर्धी हरकत मान्य झाली, याचा त्यांना कोण आनंद! ३१ मेला महिला आरक्षणाची सोडत निघाली. २९ जुलैला ओबीसी आरक्षण धरून दुसरी. आठवड्याभरात ती रचनाच रद्द झाली. मान्य झालेली अर्धी हरकतही तिच्याबरोबर गेली.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा प्रारूप आलं, आता चार सदस्यांचं. हरकत मी एकटीनं लिहिली. काका २०२४ च्या पावसाळ्यात गेले. मे महिन्यात लोकसभेला मत देऊन आले होते, बोटावरची शाई दाखवत म्हणाले होते, “दिल्लीला पाठवून झालं, आता गटाराला कधी?”

प्रभागाची ही धरसोड आजची नाही. पुण्याचंच पाहा : २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा, २०२२ ला ठरवला होता पुन्हा तिघांचा, आणि झाली निवडणूक ती चौघांच्या प्रभागानं. जागा २०१७ ला १६२, २०२२ च्या आराखड्यात १७३, शेवटी १६५. मधे शहराच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. त्या २३ गावांची ग्रामपंचायत गेली आणि महापालिकेत पाठवायला सदस्य नाही. त्यांच्याकडून कर घ्यायला महापालिका होती, त्यांचं म्हणणं मांडायला कुणी नव्हतं.

प्रशासकाच्या काळात काय गेलं

सगळं वाईट झालं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे काही रस्ते झाले, काही कामं उलट पटकन सुटली. चांगले अधिकारी मी पाहिले आहेत. मुद्दा त्यांच्या प्रामाणिकपणाचा नाही.

महापालिकेत आयुक्त प्रस्ताव ठेवतात. नगरसेवकांची स्थायी समिती तो पाहते, प्रश्न विचारते, कधी फेटाळते, कधी पुढच्या आठवड्यावर ढकलते. मोठा विषय सर्वसाधारण सभेत जातो. तिथं आरडाओरडा होतो, कुणी मडकी घेऊन येतं, कुणी खड्ड्यांचे फोटो गळ्यात अडकवून येतं. आपण त्याला हसतो. प्रशासक आल्यावर आयुक्त, स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा ही तिन्ही एकाच खुर्चीत बसली. प्रस्ताव मांडणाराही तोच, मंजूर करणाराही तोच. मुंबईचे फेब्रुवारी २०२३, २०२४ आणि २०२५ मध्ये मांडलेले अर्थसंकल्प घ्या : अंदाजे ५२,६१९ कोटी, ५९,९५४ कोटी आणि ७४,४२७ कोटी रुपये. तिन्ही मिळून १ लाख ८७ हजार कोटींच्या आसपास. त्यावर निवडून आलेल्या एकाही माणसाला सभागृहात उभं राहून “हे कशासाठी?” असं विचारता आलं नाही.

१८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होते. स्वागतासाठी नगरपालिकेनं हजार रुपये खर्चायचं ठरवलं. जोतीराव फुले तेव्हा नगरपालिकेचे सभासद होते, सरकारनंच नेमलेले. त्यांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर घाला म्हणाले. ३२ सभासदांत ते एकटेच होते आणि ठराव मंजूर झालाच. पण तो नकार नोंदला गेला. सभागृह हवं ते एवढ्यासाठी. बहुमत हरवता येत नसलं तरी एका माणसाला उभं राहून नाही म्हणता यावं, आणि ते कागदावर राहावं. ४६ महिन्यांत माझ्या शहराच्या कागदावर असा एकही नकार नाही.

आता चेंबर. २०१७ ते २०२२ मध्ये ते तुंबलं की आमच्या नगरसेविका यायच्या. त्या कुणी थोर नव्हत्या, त्यांच्याशी माझे वादही झाले. पण त्या दारात उभ्या राहायच्या, कारण वर्षा-दोन वर्षांनी त्यांना आमच्याच दारात मत मागायला यायचं होतं. पुढे त्या ‘माजी’ झाल्या. फोन केला तर म्हणत, “अहो ताई, आता माझं कोण ऐकतंय?” मग आम्ही मोबाइलवर तक्रार नोंदवू लागलो. तक्रार क्रमांक यायचा आणि दोन दिवसांनी ‘निवारण झाले’ असा संदेश. चेंबर वाहतच असायचं. पुन्हा तक्रार, पुन्हा निवारण. एका पावसाळ्यात मी सात क्रमांक जमवले. ज्या साहेबांकडे गेले त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग त्यांची बदली झाली. शेवटी आम्ही आमदारांकडे गेलो. राज्याचे कायदे करणाऱ्या माणसाला आम्ही ड्रेनेजचं झाकण दाखवत होतो आणि ते बिचारे पाहतही होते.

हळूहळू एक बदल झाला आणि त्याची मला सर्वांत जास्त भीती वाटली. लोकांनी विचारणं सोडलं. सुरुवातीला किराणा दुकानापाशी “निवडणूक कधी?” हा रोजचा प्रश्न होता. २०२४ पर्यंत कुणी काढेना. नगरसेवक नाही याची सवय झाली. माझ्या भाच्याला महापौर म्हणजे नेमकं कोण हे सांगताना मला उदाहरण द्यायला चालू माणूस नव्हता.

१५ जानेवारी २०२६

आधी नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचं मतदान २ डिसेंबर २०२५ ला झालं. त्यातही काही ठिकाणचं मतदान ऐन वेळी २० डिसेंबरवर गेलं आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशानं सगळीकडची मोजणी २१ डिसेंबरला. मग २९ महापालिका, २,८६९ जागा, साडेतीन कोटींच्या घरात मतदार.

काळज्या होत्याच. मुंबईच्या प्रारूप यादीत ११ लाखांच्या आसपास दुबार नोंदी निघाल्या होत्या. आमच्या यादीत मी स्वतः आमच्या इमारतीतली दोन दुबार नावं दाखवली, आणि काकांचं नाव अजून होतं. साठाहून अधिक जागांवर उमेदवार बिनविरोध निवडून आले. तिथल्या मतदारांनी इतकी वर्षं वाट पाहिली आणि त्या जागेसाठी बटण दाबायची वेळच आली नाही, ‘नोटा’सुद्धा नाही. मला हे फार टोचलं. मतदानाच्या दिवशी बोटावर शाईऐवजी मार्कर लावला गेला आणि तो पुसला जातो अशी ओरड झाली. आयोगानं २०११ पासून मार्करच वापरतो असा खुलासा केला. खुलासा खरा असेल, पण इतक्या काळानं परतलेल्या मतदाराच्या मनात पहिल्याच दिवशी शंका यायला नको होती.

शेजारच्या ताईंची मुलगी २०१७ ला आईचं बोट धरून केंद्रावर आली होती, चौथीत होती. सप्टेंबर २०२५ मध्ये ती अठरा वर्षांची झाली. लगेच अर्ज भरला, आणि मग कळलं की या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ रोजीची यादी धरली आहे. अडीच महिन्यांनी हुकलं. ती रडली नाही, चिडली. म्हणाली, “मावशी, २०२२ मध्ये झाली असती तर पुढची २०२७ मध्ये आली असती. मी तेव्हा दिलंच असतं. यांनी उशीर केला आणि माझी पाळी २०३१ वर नेली.” हा हिशेब मी केला नव्हता. उशिराची किंमत मी जुन्या मतदारांच्या बाजूनंच मोजत होते.

तरी सकाळी साडेसातला रांग होती. पुढे एक आजी, मुलाच्या दंडाला धरून. यंत्रावर अ, ब, क, ड अशा चार जागा, चार वेगवेगळ्या रंगांच्या पत्रिका, आणि चारही बटणं दाबल्याशिवाय बीप वाजत नाही. आजींनी दोन दाबली आणि निघाल्या. केंद्राध्यक्ष बाई उठून म्हणाल्या, “आजी, अजून दोन राहिलीत तुमची.” आजी परत वळल्या, म्हणाल्या, “एवढी का गं साठवली होती?” आणि सगळी खोली हसली. मीही हसले, आणि माझी पाळी आली तेव्हा माझे हात चक्क थरथरत होते.

चार जणांना निवडलं. आता चेंबर कुणाचं, हा नवा प्रश्न आहे. चौघांच्या प्रभागात प्रत्येकजण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवू शकतो. मुंबईच्या मतदाराला एकच नगरसेवक मिळतो याचा मला हेवा वाटतो. शिवाय प्रभाग रचनेचा अधिकार अजून सरकारकडेच आहे. ५० टक्क्यांच्या मर्यादेपायी अनेक जिल्हा परिषदांच्या निवडणुका आणखी मागे पडल्या.

निकालानंतरच्या रविवारी शेजारची मुलगी कागद घेऊन आली. चेंबरचा अर्ज तिनं लिहिला, चार प्रतींत, चौघांच्या नावे, माझे सातही तक्रार क्रमांक खाली घालून. सही माझी घेतली, मतदार मी आहे म्हणून. तीन प्रतींवर पोच मिळाली. चौथे घरी नव्हते, त्यांच्याकडे ती दुसऱ्या दिवशी परत गेली. माझ्या तारखांच्या वहीत शेवटच्या पानावर तिनं एक रिकामी ओळ आखून ठेवली आहे. सभागृहाची पहिली सभा ज्या दिवशी होईल ती तारीख तिथं लिहायची, आणि तिच्यापुढे पाच वर्षं मिळवून दुसरी.